खांद्यावरच्या दोन तारका

स्वातंत्र्यदिन व प्रजासत्ताक दिन जवळ आला, की राष्ट्रपतींनी मंजूर केलेली शौर्यपदकांची यादी वृत्तपत्रांत झळकते. रणांगणावरील पराक्रमासाठी परमवीर, महावीर व वीर चक्र. एरवीच्या शौर्यासाठी अशोक, कीर्ती व शौर्य चक्र. त्याखाली सेना पदक. विशिष्ट सेवेची पदके निराळी, आणि ती बहुधा केस पिकलेल्या अधिकाऱ्यांच्या वाट्याला येतात. शौर्याच्या यादीत मात्र तिशीही न गाठलेली नावे असतात. पदक मिळते ते एका कृतीसाठी, एखाद्या निर्णायक घटकेसाठी. परंतु सीमेवर उभ्या असलेल्या तरुणाची सारी घटिका-पळे काही शत्रूच्या समोर जात नाहीत. त्याला थंडीशी, उंचीशी, विरळ हवेशीही झुंजावे लागते, आणि तेथेही प्राण जातात.

विरारचे मेजर प्रसाद महाडिक असेच गेले. बिहार रेजिमेंटचे हे अधिकारी अरुणाचल प्रदेशातील तवांग भागात, चीनच्या सीमेजवळ तैनात होते. तवांगची उंची सुमारे दहा हजार फूट. डिसेंबरात तेथील निवाऱ्यात ऊब राखल्याखेरीज रात्र काढता येत नाही. ३० डिसेंबर २०१७ रोजी त्यांच्या निवाऱ्याला आग लागली आणि त्यात त्यांचा अंत झाला. लग्नाला तीन वर्षेही झाली नव्हती.

अशा वेळी समाज आपल्या परीने सन्मान करतो. चौकात फलक लागतात, श्रद्धांजली सभा होते, कुटुंबीयांना शाल व श्रीफळ दिले जाते. त्यात खोटे काही नसते. पण सभा संपते, सतरंज्या गुंडाळल्या जातात, आणि घरात उरलेल्या माणसापुढे दुसरा दिवस उभा राहतो.

प्रसाद यांच्या पत्नी गौरी महाडिक यांच्यापुढेही तो उभा राहिला. त्या कंपनी सेक्रेटरी होत्या, कायद्याच्या पदवीधर होत्या. मुंबईत चांगली नोकरी होती. ती नोकरी त्यांनी सोडली आणि पतीचा गणवेश आपण चढवायचा, असे ठरविले. पतीच्या वस्तू कपाटात जपून ठेवणे वेगळे आणि त्यांच्या मापाचे आयुष्य स्वतः जगायला निघणे वेगळे.

सैन्यात वीरपत्नींसाठी एक वाट मोकळी ठेवलेली आहे. वयोमर्यादा पस्तीसपर्यंत शिथिल होते आणि लेखी परीक्षा द्यावी लागत नाही. येथे सवलत संपते. पुढे सेवा निवड मंडळाची पाच दिवसांची कसोटी सर्वांना सारखीच: मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरील गटकार्ये, प्रदीर्घ मुलाखत. दुःख कितीही मोठे असले, तरी त्याचे गुण तेथे मिळत नाहीत, आणि मिळूही नयेत. गौरी भोपाळच्या मंडळापुढे गेल्या, तेव्हा छातीवर लावायला त्यांना २८ हा क्रमांक मिळाला. प्रसाद यांचाही क्रमांक हाच होता. सोळा वीरपत्नींमध्ये त्या पहिल्या आल्या.

एप्रिल २०१९ मध्ये त्या चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनीत दाखल झाल्या. एकोणपन्नास आठवड्यांचे हे प्रशिक्षण. पहाटेची धाव, पाठीवर ओझे घेऊन लांबलांबच्या वाटचाली, शस्त्रे, नकाशावाचन. आणि सोबतीला बहुतेक विशीतल्या, नुकत्याच महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या मुली.

ही वाट महाराष्ट्रात त्याआधीच एका पत्नीने मळली होती. साताऱ्याच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात अतिरेक्यांशी लढताना धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर शौर्य चक्र मिळाले. त्यांच्या पत्नी स्वाती दोन मुलांची आई असूनही, वयाची विशेष सवलत मिळवून, सप्टेंबर २०१७ मध्ये लेफ्टनंट झाल्या. (आडनाव एकच असले, तरी ही घरे निरनिराळी.)

आणि विरारहून दक्षिणेला वसईची खाडी ओलांडली, की मीरा रोड. तेथील मेजर कौस्तुभ राणे, सेना पदकाचे मानकरी, ७ ऑगस्ट २०१८ रोजी गुरेझमध्ये घुसखोरांना रोखताना आपल्या तीन जवानांसह कामी आले. वय अवघे एकोणतीस. त्यांच्या पत्नी कनिका यांनीही पदरी लहानगा मुलगा असताना चेन्नईची वाट धरली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये त्या अधिकारी झाल्या. एकाला लढताना मरण आले, एकाला आगीत. पदकांच्या यादीत या दोन मरणांत अंतर आहे आणि ते असणे रास्त आहे. पण लोकल गाडीने काही स्थानकांच्या अंतरावर असलेल्या या दोन घरांतील स्त्रियांनी त्या मरणांना दिलेले उत्तर एकच होते.

मेजरच्या खांद्यावर केवळ राजमुद्रा असते. लेफ्टनंटच्या खांद्यावर दोन तारका. मार्च २०२० मध्ये चेन्नईच्या संचलन मैदानावर गौरी महाडिक यांच्या खांद्यावर त्या दोन तारका चढल्या. आठ वर्षांपूर्वी, मार्च महिन्यातच, प्रसाद यांनीही तेथूनच सुरुवात केली होती.