ऐकू येते, पण उमगत नाही

आईने स्वयंपाकघरातून "वाटी आण" अशी हाक दिली की आमचा मुलगा काठी घेऊन यायचा. घरात हसू व्हायचे. शाळेत मात्र प्रगतिपुस्तकावर "लक्ष देत नाही" असा शेरा यायचा. मी स्वतः दोनदा त्याच्यावर हात उगारला, हे येथे कबूल केले पाहिजे. कान तपासले, तर ऐकणे अगदी निर्दोष! मग माझा राग अधिकच वाढला. कान चांगले, म्हणजे हे सोंगच.

ते सोंग नव्हते. कान ध्वनी पकडून मेंदूकडे पाठवितो. तो 'व' होता की 'क', कोणत्या दिशेने आला, गोंगाटातून तो कसा वेगळा काढायचा, हे काम पुढे मेंदूत होते. तेथेच उणीव असल्यास तिला ऑडिटरी प्रोसेसिंग डिसऑर्डर म्हणतात. नेहमीच्या तपासणीत शांत खोलीत फक्त शिट्टीसारखे सूर ऐकवितात, त्यामुळे ती सापडत नाही. इटलीत बोक्का व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ साली मेंदूत गाठ असलेल्या रुग्णांना मुद्दाम अस्पष्ट केलेले शब्द ऐकविले, तेव्हा साध्या चाचणीतून निसटणारा दोष दिसून आला. (पालकांनी घाबरू नये, अशा बहुतेक मुलांच्या मेंदूत गाठबीठ काही नसते.) आजही दोन्ही कानांत एकाच वेळी वेगवेगळे आकडे किंवा शब्द ऐकवून, गोंगाटात शब्द ओळखायला लावून परीक्षा घेतात. ती साधारण सातव्या वर्षानंतर करतात. म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेत या विषयावर बरेच काम झाले आहे. हा स्वतंत्र विकार मानावा की लक्ष व भाषेच्या अडचणीचाच भाग, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. म्हणून त्याही बाजूने मुलाला तपासून घ्यावे.

बुद्धीचा याच्याशी संबंध नाही. पत्र्याच्या खोलीत टीव्ही, कुकर आणि नळावरचे भांडण एकदम चालू असताना अशा मुलाने काय वेचावे? आम्ही आता आधी टीव्ही बंद करतो, नावाने हाक मारतो, त्याने आमच्याकडे पाहिले की एकच गोष्ट सांगतो. समजले नाही तर ओरडत नाही, शब्द बदलतो. वर्गशिक्षिकेला भेटून पहिला बाक मागून घेतला, पंखा व खिडकीपासून दूर. गृहपाठ त्या फळ्यावर लिहून देतात. एवढ्याने निम्मी भांडणे मिटली.

स्वयंपाकघराच्या दारावर आईने पाटी टांगली आहे. त्यावर "वाटी" लिहिले की वाटीच येते. कधीमधी तो मुद्दाम काठी आणतो, आणि आधी स्वतःच हसतो.