टोकियोच्या रोकुमेइकानमधला एक दिवस

3 नोव्हेंबर 1885. सम्राट मेइजींचा वाढदिवस. रात्री परराष्ट्रमंत्री इनोउए काओरू यांच्यातर्फे नाचाची मेजवानी.

सकाळी 8 च्या सुमारास : जिन्याच्या कडेनं शेवंती रचली जातेय. पांढरी, पिवळी, गुलाबी अशी तीन कुंपणं. कॉन्डर या इंग्रज वास्तुविशारदाची ही दुमजली इमारत 1883 साली खुली झाली, ती परदेशी राजदूत आणि जपानी बडी मंडळी एकत्र यावीत म्हणून.

दुपारी 12 : मुदपाकखान्यात फ्रेंच पदार्थांची धांदल. एवढा थाट कशापायी? पाश्चात्त्य देशांशी झालेल्या 1858 च्या करारांमुळे गुन्हा केलेल्या परदेशी माणसावर जपानी कोर्टात खटला चालत नाही, आणि आयातीवरची जकातही जपानला आपल्या मर्जीनं ठरवता येत नाही. आपण ‘सुधारलेले’ दिसलो की करार बदलतील, हा इनोउए यांचा होरा.

दुपारी 4 : घरोघरी कॉर्सेट आवळले जाताहेत. आजवर किमोनोत वावरलेल्या बायकांना आज श्वास रोखून वॉल्ट्झ नाचायचाय. शिकवणारा यान्सन हा जर्मन पशुवैद्य! व्हासार या अमेरिकन कॉलेजची पदवी घेऊन आलेल्या ओयामा सुतेमात्सु यांना अशा शिकवणीची गरज नाही. गेल्या वर्षी जूनमध्ये त्यांच्या पुढाकारानं बायकांनी इथंच तीन दिवस विक्रीचा बाजार भरवला आणि परिचारिकांच्या शाळेसाठी सुमारे 8000 येन उभे केले. या इमारतीचं इतकं रोकडं फळ दुसरं नाही.

रात्री 9 : योकोहामाहून खास आगगाडीनं पाहुणे शिम्बाशीला उतरतात, पुढं माणसांनी ओढायच्या रिक्षा. आत दोन बँड, एक फ्रेंच, एक जर्मन. पाहुण्यांत पिएर लोती हा फ्रेंच नौदल अधिकारी आणि लेखकही आहे.

रात्री 12 : लोती नाचतो, जेवतो, सगळं बारकाईनं टिपतो. पुढं 1889 साली त्याच्या पुस्तकात हे छापून येतं : इमारत फ्रान्समधल्या एखाद्या हवापालटाच्या गावातल्या कॅसिनोसारखी, शेपटीच्या कोटातले यजमान माकडांसारखे. खाल्ल्या मिठाला जागणं दूरच!

रात्री 1 : पाहुण्यांची परतीची गाडी. नोकर उष्टी ताटं-पेले उचलायला लागतात.

करार मात्र जागचे हलले नाहीत. जपानी न्यायालयांत परदेशी न्यायाधीश बसवायला इनोउए तयार झाले, त्यावर देशात गदारोळ उठला आणि 1887 साली त्यांना पायउतार व्हावं लागलं. ब्रिटननं नव्या करारावर सही केली 1894 साली; जकातीचा पुरता हक्क मिळायला 1911 उजाडलं. मधल्या काळात जपाननं राज्यघटना आणली, नवे कायदे केले, फौज उभी केली. समोरच्यांनी मोजलं ते हे. वॉल्ट्झची पावलं कुणी मोजली नाहीत.