मजुरी ठरवताना हेल्मेटचेही बोला

धाराशिव जिल्ह्यात बांधावरची बाभूळ किंवा वाळलेला लिंब पूर्वी कुऱ्हाडीने पडे. आता साखळीचे मशीन आले. तासांचे काम मिनिटांत होते; पण चूक सुधारायला क्षणही मिळत नाही.

पात्याचे टोक लाकडाला अडले की मशीन उसळून तोंडावर येते. म्हणून टोकाने कापू नये, खांद्याच्या वर मशीन उचलू नये, दोन्ही हातांनी घट्ट धरावे. धोतर-उपरणे नको, हेल्मेट, चष्मा, जाड बूट हवेत.

झाड पाडायचे त्या बाजूला आधी खाच घ्यावी, मग मागून, खाचेपेक्षा थोडे वर कापावे. आरपार मात्र कापू नये. मध्ये राखलेली लाकडाची पट्टीच झाडाला दिशा देते. मागे तिरपे सरकण्याची वाट आधीच मोकळी करावी. जळण वेचणाऱ्या बायका-पोरांना झाडाच्या दुप्पट उंचीइतके दूर ठेवावे.

चिंच, आंबा असेल तर १९६४ च्या कायद्याप्रमाणे परवानगी काढली का, तेही मालकाला विचारावे.

बांधवांनो, झाड मालकाचे, पण हातपाय आपले. हेल्मेट, बूट मागण्यात लाज कसली? संध्याकाळी घरी आपली वाट पाहणारी माणसे आहेत.