नौकेची जन्मपत्रिका

जुनी पोथी हाती आली की मी आधी शेवटचे पान उघडतो. लेखनिकाने शक, संवत्सर, मास, तिथी यांची नोंद बहुधा तेथेच केलेली असते. पण नुसता आकडा वाचून भागत नाही. तो शक की विक्रम संवत, त्याचे वर्ष गुढीपाडव्याला सुरू होते की दिवाळीच्या पाडव्याला, हे आधी ठरवावे लागते. मराठी शिकवणाऱ्या माणसाची ही विद्या शिडाच्या होडीलाही लागू पडेल, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते!

शिकागोला राहणाऱ्या माझ्या भाच्याला मिशिगन सरोवरात फिरण्यासाठी एक जुनी होडी घ्यायची होती. विकणारे गृहस्थ म्हणाले, ती १९८५ सालची. पुरावा काय, तर शिडाच्या कोपऱ्यावर ते साल लिहिलेले! गृहस्थ खोटे बोलत नव्हते. होडी त्यांच्याकडेही दुसऱ्याकडूनच आलेली. पण शीड फाटते, बदलते. नवे लुगडे नेसल्याने आजीबाई काही तरुण होत नाहीत. होडीच्या मागच्या अंगावर कोरलेला क्रमांक टिपून भाच्याने मला लिहिले, "मामा, तुम्ही पोथ्यांची वये काढता, हिचे काढा पाहू!"

अमेरिकेत १ नोव्हेंबर १९७२ पासून बांधलेल्या होड्यांवर असा बारा आकड्या-अक्षरांचा क्रमांक असावा लागतो. तो मागच्या बाजूला, उजव्या अंगाला, वरच्या कडेजवळ शोधावा. पहिली तीन अक्षरे कारखान्याची खूण, पुढची पाच होडीचा अनुक्रम, आणि शेवटची चार म्हणजे तिची जन्मवेळ. होडीच्या पुढच्या अंगावर दोन्ही बाजूंना दिसणारा मोठा क्रमांक निराळा. तो सरकारी नोंदणीचा. त्यावरून वय काढू नये.

आता खरी गंमत. १९८४ पर्यंत ही शेवटची चार चिन्हे दोन तऱ्हांनी लिहीत. काही कारखाने सरळ महिना आणि साल घालीत. '०५७३' म्हणजे मे १९७३. दुसरे 'एम' लिहून पुढे साल आणि एक अक्षर देत. हे साल कारखान्याचे, ऑगस्टमध्ये सुरू होणारे. म्हणून 'ए' म्हणजे ऑगस्ट, 'बी' सप्टेंबर, आणि शेवटी 'एल' म्हणजे पुढच्या वर्षीचा जुलै. ऑगस्ट १९८४ पासून पद्धत बदलली आणि 'ए' जानेवारी झाला! 'ए ६ ८६' म्हणजे जानेवारी १९८६, मॉडेलचे वर्षही १९८६.

भाच्याच्या होडीवर शेवटी होते 'एम ७९ सी'. त्याने नव्या रीतीने मार्च १९७९ असा हिशेब केला होता. पण सुरुवातीचा 'एम' जुन्या रीतीची साक्ष देतो. वर्ष ऑगस्ट १९७८ मध्ये सुरू झालेले, 'सी' तिसरा महिना. म्हणजे होडी ऑक्टोबर १९७८ ची!

सहा-सात वर्षांचा हा फरक केवळ पैशाचा नव्हता. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारा वर्षानुवर्षांच्या ओढीने थकतात. वरून चकचकीत दिसतात; पण भर वाऱ्यात एखादी तुटली तर डोलकाठीच खाली येते. आणि भाच्याबरोबर त्याची दोन लहान मुले बसणार होती. त्याने जाणकाराकडून होडी तपासून घेतली, किंमत उतरवून घेतली आणि तारा बदलल्यावरच ती पाण्यात लोटली.

वाचकहो, हा क्रमांक इतिहासाच्या हौसेसाठी कोरला जात नाही. १९७१ मध्ये अमेरिकेत नौकांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. एखाद्या कारखान्याच्या होड्यांत दोष निघाला, तर नेमक्या कोणत्या होड्या सदोष आहेत हे ओळखता यावे, म्हणून ही खूण. १९८४ नंतर तोच क्रमांक होडीत आणखी एका झाकलेल्या जागीही घालावा लागतो. वरचा कोणी खरवडला तरी आतला साक्ष देतो.

जन्मवेळ कळली म्हणजे प्रकृती कळली असे नव्हे. पण वैद्यसुद्धा आधी वयच विचारतो. आणि ते वाचताना साल कोणते, एवढ्यावर थांबू नये. ते सुरू केव्हा होते हेही विचारावे. येत्या पाडव्याला व्यापाऱ्यांच्या वह्या नव्या होतील, आपला शक मात्र चैत्रापर्यंत जुनाच राहील. दोघांचेही बरोबरच!