कृष्णाकाठची वाई, पायी पायी

महाबळेश्वरला निघालेली गाडी सुरूर फाट्याला महामार्ग सोडते, वाईत थांबते, ढोल्या गणपतीचे दर्शन होते, घाटावर फोटो निघतात आणि थोड्याच वेळात पसरणीचा घाट लागतो. वाईच्या वाट्याला बहुतेकदा काही तासही येत नाहीत. या गावाला अर्धा दिवस द्यावा आणि तो पायी द्यावा. वाईची ओळख देवळांची असली, तरी गाव उभे आहे ते नदीशी जमवून घेण्याच्या शहाणपणावर. ते शहाणपण गाडीत बसून दिसत नाही.

सुरुवात गणपती आळीतूनच करावी. १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी इथले ढोल्या गणपतीचे देऊळ बांधले. एकाच पाषाणातून घडवलेली गणपतीची भव्य मूर्ती पाहून लोक माघारी फिरतात. खरे तर तिथून देवळाला वळसा घालून मागे जायला हवे. मागची भिंत सपाट नाही. नावेच्या नाळीसारखी ती निमुळती होत प्रवाहाला सामोरी जाते. पुराचा लोंढा तिच्यावर येतो, दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. मोठ्या पुरात कृष्णा आजही देवळात शिरते, पण अडीचशेहून अधिक पावसाळे काढून देऊळ जागच्या जागी आहे. ज्या गवंड्यांनी ही भिंत रचली, त्यांना नदीचा स्वभाव पाठ होता.

जवळच काशीविश्वेश्वराचे देऊळ आहे. तेही रास्त्यांचेच, १७५७ सालचे. समोरच्या नंदीच्या गळ्यातली घंटांची माळ काळ्या दगडात इतकी नेटकी कोरली आहे की हात लावून पाहावेसे वाटते. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या रास्त्यांच्या माहेरवाशीण. पेशव्यांशी जुळलेल्या या सोयरिकीने घराण्याला वैभव आले आणि त्यातला मोठा वाटा वाईच्या दगडी बांधकामात उतरला.

इथून काठाकाठाने चालत राहावे. वाईला घाट सात: गणपती आळी, मधली आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड आणि गंगापुरी. प्रत्येक घाटाची कृष्णाबाई वेगळी आणि उत्सवही वेगळा. माघापासून पाळीपाळीने हे उत्सव होतात. मांडव पडतात, कीर्तने रंगतात, पंगती उठतात. परंपरा या उत्सवाचे मूळ १६५९ सालाशी जोडते. अफझलखान वाईत तळ देऊन असताना शिवाजी महाराजांच्या यशासाठी इथल्या शेंडे शास्त्र्यांनी कृष्णेला नवस केला, असे सांगतात. नवस फिटला, उत्सव मात्र चालू राहिला. त्यातली मोलाची गोष्ट अशी, की नदी सगळ्यांची म्हणून कोणाचीच नाही, असे इथे झाले नाही. तिचा एकेक काठ एकेका आळीने आपला मानला.

घाटावरून गावात वळले की विद्येची वाई भेटते. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांच्या प्राज्ञपाठशाळेत विनोबा भावे शिकायला आले होते. त्याच पाठशाळेत घडलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले. मुंबई-पुण्याऐवजी विश्वकोशाचे कार्यालय वाईत आले आणि १९७६ साली पहिला खंड प्रसिद्ध झाला. अणुविज्ञानापासून संगीतापर्यंतच्या नोंदी या लहानशा गावात तपासल्या गेल्या, हे इथून जाणाऱ्या किती प्रवाशांना माहीत असते?

शेवटचा टप्पा मेणवलीचा, सुमारे तीन किलोमीटरचा. नाना फडणविसांचा वाडा आणि त्याच्या मागे चंद्रकोरीसारखा वळलेला घाट. ‘स्वदेस’ चित्रपटामुळे तो अनेकांनी पडद्यावर पाहिला आहे. घाटावरच्या छोट्या घुमटीत टांगलेली घंटा मात्र नीट न्याहाळावी. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत आणि साल आहे १७०७. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, त्या मोहिमेनंतर ही पोर्तुगीज घंटा देशावर आल्याचे सांगतात. समुद्राकाठच्या चर्चसाठी ओतलेली घंटा सह्याद्री ओलांडून नदीकाठी आली आणि देवळात रुजली. ती आणणाऱ्यांनी तिच्यावरची मूर्ती घासून टाकली नाही, हेही तितकेच लक्षात ठेवण्यासारखे.

आता वर धोमला धरण आहे, आणि नदीचे पाणी धरणाच्या दारांच्या हिशेबानेही चालते. सांडपाणी आणि निर्माल्य हे कृष्णेपुढचे आजचे संकट आहे. पुराला तोंड देणारी भिंत अठराव्या शतकात बांधता आली. घाणीला तोंड देणारी व्यवस्था आपल्या काळाने उभी करायची आहे. त्यासाठी नगरपालिका हवी, शासन हवे. त्याबरोबर आळ्यांची ती जुनी आपुलकीही हवी. पाहुण्यांनीही एवढे करावे: गाडी गावाबाहेर लावावी, सातही घाट चालावेत, स्थानिक जाणकाराला सोबत घेऊन त्याच्या श्रमाचे पैसे द्यावेत. घाट राखण्यात गावालाच चार पैसे मिळू लागले, तर ते राखायला माणसे कमी पडणार नाहीत. महाबळेश्वर संध्याकाळीही गाठता येते.