डोळ्यांखालचे खड्डे : भरून घ्यावेत का?

गेल्या महिन्यात एक बाई मुलीला घेऊन दवाखान्यात आल्या. लग्न तीन आठवड्यांवर आलेले. "डॉक्टर, हिचे डोळे किती खोल गेलेत बघा. पार्लरवाली म्हणते, एका इंजेक्शनात भरून देते. घेऊ का?" मुलीची खालची पापणी ओढून पाहिली, आतून पांढुरकी. रक्त तपासले, हिमोग्लोबिन ८. खड्डे मात्र आईच्याही डोळ्यांखाली तसेच होते.

डोळ्याखालची त्वचा अतिशय पातळ असते, जेमतेम अर्धा मिलिमीटर. तिच्याखालची चरबी कमी झाली किंवा वयाबरोबर गाल खाली उतरला की खोबणीच्या हाडाची कड उठून दिसते आणि खळगा पडतो. काही घराण्यांत चेहऱ्याची ठेवणच अशी असते. रक्तक्षय, जागरण, झपाट्याने उतरलेले वजन यांनी तो अधिक जाणवतो. काचबिंदूसाठी दिले जाणारे काही थेंब बरेच महिने घातल्यानेही डोळे खोल जातात; परंतु ते थेंब मनाने बंद करू नयेत, काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. आणि जुलाब होणाऱ्या तान्ह्या मुलाचे डोळे एका दिवसात खोल गेले, तर त्याच्या अंगातले पाणी गेले आहे असे समजावे. जलसंजीवनी पाजत लगेच दवाखाना गाठावा.

आपल्याला खड्डा आहे की नुसता काळेपणा, हे घरी पाहता येते. खिडकीकडे तोंड करून, हनुवटी उचलून आरशात पाहावे. समोरच्या उजेडात काळी छटा नाहीशी झाली तर ती खड्ड्याची सावली. तशीच राहिली तर त्वचेचाच रंग गडद आहे, आणि त्यावर भरणीचे इंजेक्शन उपयोगाचे नाही. पुष्कळांना दोन्ही असते.

क्रीमने खड्डा भरत नाही, डबी कितीही महाग असो. भरणीसाठी म्हणजे 'फिलर'साठी बहुधा हायलुरॉनिक ॲसिडची जेली वापरतात. गंमत अशी की, हे द्रव्य १९३४ साली प्रथम वेगळे केले गेले ते गाईच्या डोळ्यातून! परिणाम साधारण वर्षभर टिकतो, कधी अधिक. जेली वरच्या थरात पडली तर त्वचेखाली निळसर झाक दिसते, सूज रेंगाळते. इंजेक्शननंतर आठवडा-दोन आठवडे काळेनिळे राहू शकते, त्यामुळे लग्नाच्या तोंडावर हा उद्योग नकोच.

खरी भीती वेगळी. जेली चुकून रक्तवाहिनीत शिरली तर डोळ्याच्या पडद्याचा रक्तपुरवठा बंद पडतो आणि कायमचे अंधत्व येते. असे क्वचित घडते, परंतु घडले आहे. इंजेक्शनच्या वेळी वा नंतर दिसेनासे झाले, असह्य वेदना झाल्या किंवा त्वचा पांढरी वा जाळीदार निळी पडली, तर एक मिनिटही न दवडता नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे. जेली विरघळवणारे हायलुरोनिडेज नावाचे औषध आहे. ते जवळ ठेवलेले नाही, अशा ठिकाणी सुई टोचून घेऊ नये. हे काम त्वचारोगतज्ज्ञ, प्लास्टिक सर्जन किंवा डोळ्यांच्या प्लास्टिक सर्जरीत प्रशिक्षित नेत्रतज्ज्ञ यांचे. पार्लरमध्ये भुवया कोराव्यात, तिथपर्यंत ठीक!

स्वतःची चरबी काढून भरण्याचाही उपाय आहे, पण ती विरघळवता येत नाही आणि अंधत्वाचा धोका तिथेही आहेच. खालच्या पापणीची चरबी फुगून तिच्याखाली खळगा दिसत असेल तर शस्त्रक्रियेने चरबी सरकवून बसवतात. स्वतःच्या रक्तातील प्लेटलेट टोचण्याच्या उपचाराची सध्या जाहिरात फार. खोल खड्डा त्याने भरेल अशी अपेक्षा ठेवू नये.

त्या मुलीला लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पाळीत रक्तस्राव फार जातो का, तेही विचारले. जात होता. दोन वर्षांपासून. आईला ठाऊक नव्हते. "खड्डे गोळ्यांनी जाणार नाहीत," असे मी स्पष्ट सांगितले, तशी मुलगी हसली. पार्लरची वेळ तिने माझ्यासमोरच फोन करून रद्द केली आणि स्त्रीरोगतज्ज्ञांच्या नावाची चिठ्ठी घेऊन गेली.