धाकटा उंच होतो तेव्हा

शाळा सुरू व्हायच्या तोंडावर बेळगावच्या खडेबाजारात गणवेशाच्या मापाला भावंडं शेजारी शेजारी उभी राहतात. थोरल्याची पँट धाकट्याला, ही घरोघरची जुनी रीत. एखाद्या घरात मात्र धाकट्याचंच माप मोठं निघतं. ‘बारक्यानं दादाला मागं टाकलं की!’ असं सगळ्यांदेखत कुणीतरी बोलून जातं आणि ते दादाला फार लागतं.

खरं तर त्यात दादाचं काहीच चुकलेलं नसतं. हाडांच्या टोकांशी कूर्चेच्या पट्ट्या असतात आणि उंची वाढते ती तिथं. वयात येताना संप्रेरकं या पट्ट्यांना आधी वेग देतात, मग त्या मिटवतात. मिटवण्याचं काम मुलग्यांतही इस्ट्रोजेनच करतं. इस्ट्रोजेनचा परिणामच न होणाऱ्या एका अमेरिकन तरुणाची नोंद १९९४ साली प्रसिद्ध झाली. अठ्ठाविसाव्या वर्षी तो २०४ सेंटिमीटर उंच होता आणि अजून वाढतच होता!

मुली सर्वांत वेगानं वाढतात साधारण बाराव्या वर्षी, मुलगे चौदाव्या. म्हणून ताईला धाकटा भाऊ बहुतेकदा ओलांडतो. दोन भावांत कोडं पडतं. मुलग्यांचं वयात येणं नवव्यापासून चौदाव्या वर्षापर्यंत केव्हाही सुरू होऊ शकतं. धाकटा लवकर आणि थोरला उशिरा सुरू झाला, तर काही वर्षं धाकटा उंच दिसतो. उशिरा सुरू झालेल्याच्या पट्ट्या उशिरा मिटतात, त्यामुळे तो पुढं बरंचसं अंतर भरून काढतो.

कधी फरक कायमचाही राहतो. २०२२ साली ५० लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासात उंचीशी जोडलेल्या सुमारे १२ हजार जनुकीय जागा सापडल्या. आईबापांकडून त्यांतला कोणता वाटा कुणाला येईल, हे प्रत्येक मुलागणिक बदलतं.

तेव्हा तुलना भावाशी नको, मुलाच्या स्वतःच्याच मागच्या उंचीशी करा. दर सहा महिन्यांनी अनवाणी, भिंतीला टेकवून मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा. वयात येण्याआधीचं शाळकरी मूल वर्षाला चार सेंटिमीटरही वाढत नसेल, किंवा चौदा वर्षं उलटूनही मुलगा वयात येण्याची चिन्हं दिसत नसतील, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ‘वाढेल हळूहळू’ म्हणत थांबू नका. पट्ट्या एकदा मिटल्या की कोणत्याही औषधानं उंची वाढत नाही.